चौदावं हेल्मेट

प्लास्टिकच्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नसतं, असा आमच्या घरच्यांचा समज आहे. बायको नाशिकला माहेरी गेली की तिच्या बहिणी विचारतात, "भाओजी काय म्हणतात?" आणि ती सांगते, "काही नाही, शिफ्ट." तिचंही खरं आहे. सिल्वासात कंपनीत सुपरवायझर म्हणून माझी सोळा वर्षं गेली, त्यातले किस्से आठवायला बसलो तर चहा गार होतो. पण गेल्या वर्षी तो अंतराळावरचा मोठा पिक्चर आला आणि एका आठवड्यात आमच्याकडे इतकं साठलं की अजून कँटीनमध्ये पुरतंय. पिक्चरचं नाव सांगत नाही. आम्ही त्याला 'आपला पिक्चर' म्हणतो, कारण त्यातली हेल्मेटं आम्ही केली आहेत.

*

ऑर्डर आली तेव्हा शेठना वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. आमचं काम म्हणजे प्लास्टिकची शीट तापवायची, मऊ पडली की साच्यावर ओढायची आणि गार झाली की कापायची. दिव्यांची कव्हरं, मशीनची झाकणं, ट्रे, असला माल. त्यात एक दिवस मुंबईहून केसांचा बुचडा बांधलेला एक आर्ट डायरेक्टर आला आणि म्हणाला, अंतराळवीरांची चौदा हेल्मेटं पाहिजेत. पुढे पारदर्शक घुमट, मागे पांढरं कवच. कंप्युटरमध्ये असला काही मालच नव्हता. शेवटी स्टोअरवाल्याने एंट्री मारली, 'झाकण, गोल, मोठे.'

खरी मजा क्वालिटीच्या टेबलावर झाली. आमच्या क्वालिटीच्या नीलिमा मॅडम पुण्याच्या. त्यांच्या हातून वाईट माल गेटबाहेर जात नाही, आणि चांगला माल जातो तोही घाबरत जातो. आर्ट डायरेक्टर त्यांना समजावत होता, "मॅडम, हेल्मेट जरा वापरलेलं दिसलं पाहिजे. चरे, डाग, असं काहीतरी."

मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडून नवीनच जाईल. जुनं तुम्ही करा."

तो बिचारा म्हणाला, "तुमचे रिजेक्ट पीस असले तरी चालतील."

"तुम्हाला चालतील. मला नाही चालत." विषय संपला.

आमच्यात रिजेक्ट पीसच्या आतल्या बाजूला लाल मार्करने फुली मारतात आणि तो लाल पेटीत टाकतात. तिथून तो तुकडे करायच्या मशीनमध्ये जातो. ही फुली लक्षात ठेवा.

*

पिक्चर लागला त्या पहिल्या रविवारी अख्खी शिफ्ट घरच्यांसकट बघायला गेली. दोन रांगा आमच्याच. पडद्यावर हीरो यायच्या आधी हेल्मेट आलं, आणि आमच्या रांगांमधून अशा शिट्ट्या वाजल्या की पुढच्या रांगेतला एक माणूस मागे वळून म्हणाला, "भाई, हीरो तो अभी आया नहीं."

"हीरो से हमको क्या," आमच्यातून उत्तर गेलं.

तिकडे पडद्यावर यानाचे तुकडे उडतायत, आवाज बंद, सगळं थिएटर श्वास धरून बसलेलं. आणि माझ्या शेजारून पुटपुटणं ऐकू येतंय, "कड बघ ना, कड. काय साफ कापली गेलीय." मला स्वतःला पहिला अर्धा तास गोष्टच कळली नाही. मी घुमटावर पडणारा उजेड बघत होतो आणि प्लास्टिकला कुठे लाट आलेली दिसते का ते शोधत होतो. मध्यंतरात बायकोने विचारलं, "तो म्हातारा त्याचा बाप आहे की गुरू?" मी म्हणालो, "कोण म्हातारा?"

*

मध्यंतरानंतर यानात हवेची गळती सुरू होते. बाहेर निर्वात, आत तीन माणसं, आणि गळती नेमकी कुठून होते ते सापडत नाही. तो सीन फार लांबवलाय. हीरो भिंतींना कान लावतो, नायिका स्क्रीनवर आकडे बघून रडते, संगीत चढत जातं.

आमचा मेंटेनन्सचा फिटर देवरे जळगावकडचा. हवेच्या पाइपलाइनी सांभाळण्यात त्याचा जन्म गेला. पाच मिनिटं त्याने कळ काढली. मग त्याच्याने राहवेना. तो खुर्चीतून अर्धा उठला आणि मोठ्याने म्हणाला, "अरे, साबणाचं पाणी लाव!"

आमच्याकडे गळती तशीच शोधतात. साबणाचं पाणी लावायचं, जिथे बुडबुडा येतो तिथे भोक. अर्धं थिएटर कंपन्यांमधलंच, त्यामुळे सगळ्यांना कळलं आणि सगळं थिएटर हसलं. टॉर्चवाला धावत आला. देवरे त्याच्याशीच वाद घालत बसला, की एवढं यान बनवलं आणि साबण ठेवला नाही, हे कसं.

*

शेठ दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन स्वतंत्र गेले. मंगळवारी सकाळी मी धीर करून विचारलं, पिक्चर कसा वाटला. शेठ गुजरातीत म्हणाले, "आटली बधी लाइट चालू, ने माणस त्रण!"

एवढ्या लाइटी चालू आणि माणसं तीनच. बास, एवढंच. दुपारपर्यंत ऑफिसच्या दारावर नोटीस लागली, की जेवायला जाताना लाइट बंद करावेत.

*

आता फुलीकडे येतो. पिक्चरच्या शेवटी म्हातारा अंतराळवीर त्या लाल ग्रहावर मरतो. हीरो त्याचं हेल्मेट काढतो, त्याला पुरतो आणि हेल्मेट दगडावर आडवं ठेवतो. यान निघायच्या आधी कॅमेरा हळूहळू हेल्मेटच्या आत शिरतो. लोकांनी रुमाल काढलेले असतात. आणि तिथे, पांढऱ्या कवचाच्या आतल्या बाजूला, छोटी लाल फुली दिसते.

त्या रविवारी आमच्या दोन्ही रांगांनी ती फुली ओळखली. सगळ्यांच्या माना नीलिमा मॅडमकडे वळल्या. मॅडम पडद्याकडेच बघत होत्या.

मी मोबाइलवर एक परीक्षण वाचलं होतं. त्यात लिहिलेलं, की शेवटची लाल फुली म्हणजे माणसाने आपल्याच हाताने पुसून टाकलेली पृथ्वी. मंगळवारी वातावरण हलकं करावं म्हणून ते मी मॅडमना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ती फुली म्हणजे डाव्या बाजूला जाडी कमी. डिस्पॅचचं रजिस्टर आणा."

*

रजिस्टर आणायची गरजच पडली नाही. सुखदेव स्वतःच उभा राहिला.

सुखदेव आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर, धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचा. चौदाही हेल्मेटं त्याच्या हातची. तो म्हणाला, "मॅडम, मीच टाकलं. तेरा पास झाले होते. टेंपो गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी लाल पेटीतून तो पीस काढला नि खोक्यात ठेवला. मले तो वाईट वाटत नव्हता."

असं काही झालं की आमच्याकडे एक फॉर्म भरतात. काय चुकलं, का चुकलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. तिसऱ्या रकान्यात सगळ्या कंपन्यांमध्ये एकच उत्तर असतं, ऑपरेटरला ट्रेनिंग. मॅडमनी तेच लिहिलं आणि वेळ घातली, गुरुवार, दुपारी बारा.

सुखदेवचा चेहरा उतरला. मला वाटलं, सगळ्यांसमोर बोलणी बसली म्हणून असेल.

*

खरं कारण मला गुरुवारी सकाळी कळलं, तेही देवरेकडून.

सुखदेवचे वडील, आबा, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले होते आणि इथेच डोकमर्डीला त्याच्या खोलीवर राहत होते. हे आबा एकोणीस वर्षं पोराला एकच प्रश्न विचारत आलेत. "तू तठे करस काय नेमकं?" म्हणजे, तू तिथे नेमकं करतोस काय. धाकटा भाऊ एसटीत ड्रायव्हर, त्याची बस गावातून जाते, सगळ्यांना दिसते. हा काय करतो ते कुणालाच दिसत नाही. कसलंतरी झाकण बनवतो म्हणे. ते कशाला बसतं, ते याला स्वतःलाच माहीत नसायचं. कंपनीत बाहेरच्या माणसाला मशीनपर्यंत नेता येत नाही. मागे आले तेव्हा सुखदेवने आबांना वासोण्याच्या सफारीतले सिंह दाखवले, दुधनीला होडीत बसवलं. सगळं बघून झाल्यावर आबा म्हणाले, "हाई सरकारनं शे. तुनं काय शे, ते दाखव." हे सरकारचं आहे, तुझं काय आहे ते दाखव.

आता पहिल्यांदाच त्याच्याकडे दाखवायला काहीतरी होतं. रविवारी डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केलेली. ते गुरुवारी पुन्हा तपासणार होते, आणि सकाळीच परवानगी मिळाली. आणि रविवारनंतर पिक्चरला गर्दी नव्हती, म्हणून आमच्या इथे त्याचा एकच खेळ उरला होता. गुरुवारी, दुपारी सव्वाबाराचा. शुक्रवारी पिक्चर उतरणार, रविवारी आबा गावी जाणार.

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. रोज शेजारी उभा राहून काम करतो आणि एवढंसं सांगत नाही. मी म्हणालो, "अरे, मॅडमना विचारायचं तरी."

सुखदेव म्हणाला, "कोणत्या तोंडानं विचारू? त्यांचाच रिजेक्ट पीस दाखवायले सुट्टी मागू?"

मग मीच गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, फॉर्म पुढे ओढला आणि ट्रेनिंगच्या जागेपुढे 'कॉन्फरन्स रूम' लिहिलं होतं ते खोडलं.

"तिथेच घेऊ ट्रेनिंग," त्या म्हणाल्या. "पीस तिथेच आहे."

*

थिएटरमध्ये आम्ही धरून दहाबारा माणसं असतील. आबा धोतर, टोपी आणि ऑपरेशनचा काळा चष्मा. मॅडमनी त्यांना पुढे बसू दिलं नाही, डोळ्यांवर ताण येतो म्हणून मागच्या रांगेत मध्यभागी बसवलं. एका बाजूला सुखदेव, दुसऱ्या बाजूला मी, माझ्यापलीकडे मॅडम. सुखदेव आबांना समजावू लागला, की आबा, हे सगळं खरं नसतं, मुंबईत सेट लावून करतात.

आबांनी त्याला थांबवलं. "पिक्चर खोटा राहस, इतलं माले समजस. तुनं दाखव."

अंधार झाल्यावर त्यांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला. पहिलं हेल्मेट आलं. सुखदेवने बोट केलं. आबा पुढे झुकले आणि तसेच बसून राहिले. यानाचे तुकडे उडाले, गळती आली, म्हातारा मेला, तरी त्यांची मान हलली नाही. मला काळजी वाटायला लागली. दिसत नसेल तर काय करायचं, हा पुन्हा कधी दाखवणार.

शेवटचा सीन आला. हीरोने हेल्मेट दगडावर ठेवलं. मॅडम माझ्या पुढून वाकून सुखदेवला म्हणाल्या, "फुली दिसली?"

"दिसली, मॅडम."

"झालं ट्रेनिंग."

यान वर उठलं, लहान होत होत गेलं. तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले, हळूच, पडद्याकडे बघत. "ते तठेच राही गयं ना रे."

ते तिथेच राहिलं ना रे. बाहेर आल्यावर उन्हात आबांनी चष्मा चढवला आणि ते रिक्षाने डोकमर्डीला गेले. संध्याकाळी जेवून झोपले. सुखदेवला रात्रभर वाटत राहिलं की त्यांना काही आवडलं नाही.

*

शुक्रवारी सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सुखदेव माझ्या टेबलाशी आला. हातात अर्ध्या दिवसाच्या सुट्टीचा अर्ज.

"पुन्हा?" मी म्हणालो.

"वापीला लागलाय अजून. आबा पहाटेपासून टोपी घालून बसलेत."

"एवढा आवडला पिक्चर?"

"पिक्चरचं काही बोलले नाहीत," सुखदेव खाली बघत म्हणाला. "म्हणतात, काल पोराचं काम तिथंच टाकून आले ते लोक. आज तरी उचलतस का ते देखू."

मी अर्ज वाचला. कारणाच्या रकान्यात त्याने खरं ते लिहिलं होतं, 'वडिलांना हेल्मेट परत बघायचे आहे.' अशा कारणावर सही करायची हिंमत मला झाली नाही. मी तो मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग लाल पेन घेतलं, सही केली आणि खाली शेरा लिहिला, 'मंजूर. पीस मिळाल्यास परत आणावा.'