मंग डॉक्टर

पेशंट समोरच्या खुर्चीत बसला की आमच्या डॉक्टर मॅडम पेन खाली ठेवायच्या, दोन्ही हात मांडीवर घ्यायच्या आणि नुसत्या त्याच्याकडे बघत राहायच्या. 'डोकं दुखते' एवढं सांगून तो थांबला की म्हणायच्या, "मंग?" तो आणखी एक वाक्य बोलायचा. पुन्हा "मंग?" असं करत करत गोष्ट डोक्यावरून झोपेवर, झोपेवरून जावयाच्या दारूवर पोचायची. आमच्या लकडगंज भागात त्यांचं खरं नाव फारसं कोणी घेत नसे. ऑटोवाल्यालाही 'मंग डॉक्टर' सांगितलं की पुरे.

त्यांचा दवाखाना एका लाकडाच्या वखारीच्या वर होता. खालच्या लाकूड कापायच्या आरामशीनचा आवाज सुरू झाला की पेशंटला मोठ्यानं बोलावं लागे. एकदा त्या मशीनवरचाच एक कामगार खोकत वर आला. बरीच औषधं पिऊन झाली होती. मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुट्टीच्या दिवशी खोकला कमी राहते का गा?" तो विचारात पडला. मग म्हणाला, "हो मॅडम, गावाले गेलो होतो तेव्हा तं नव्हताच." भुशाचा दमा होता तो. मॅडमनी छाती तपासली, फुंकर मारायची चाचणी केली, पण रोग त्यांना त्या एका प्रश्नातच दिसला असावा.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो आपण आता मरणार या खात्रीनं. मी बुटीबोरीला एका कापड कारखान्यात आहे. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून परतताना एकाएकी छाती धडधडायला लागली. श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या, तळहात ओले झाले. माझे बाबा साधारण माझ्याच वयात हार्ट अटॅकनं गेले होते. बस थांबवून मला जवळच्या दवाखान्यात नेलं. ईसीजी चांगला आला. तिथले डॉक्टर हसून म्हणाले, "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका."

त्या 'काही नाही'नं माझी झोपच उडाली. काही नाही, तर ते झालं काय? मी सारखा मनगटावर बोट ठेवून नाडी बघू लागलो. बस सोडली. मुलीला उचलून घेणं सोडलं. रात्री बायकोनं, वर्षानं, कूस बदलली तरी मी दचकायचो. शेवटी तीच मला मंग डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"जिना चढताना होते का बसल्या बसल्या?" त्यांनी विचारलं.

"बसल्या बसल्या. थोड्या वेळानं उतरतं. पण परत येईल असं वाटत राहतं."

"मंग?"

"मग मी बसमध्ये बसणंच बंद केलं."

इथे त्यांनी पेन उचललं. नंतर माझे हात समोर धरायला लावून पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला आणि तो थरथरतो का ते पाहिलं. पाण्याचा घोट गिळायला लावून गळा चाचपला. पापणी ओढून रक्त कमी आहे का बघितलं. छाती बराच वेळ ऐकली. मग स्टेथोस्कोप काढून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अविनाश, तुले मरायची भीती वाटते, का मरावंसं वाटते? दोन्ही वेगळं आहे. लाजू नको."

वर्षा माझ्याकडे बघायला लागली. मला हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मी म्हणालो, "भीती वाटते."

"बरं. माझ्या मनात एक नाव आहे, पण आत्ता सांगत नाही. थायरॉइडनं असं होते, रक्त कमी असलं तरी होते, हृदयाची लय बिघडली तरी होते. आधी ते पाहून घेऊ."

रिपोर्ट येईपर्यंत मी त्या न सांगितलेल्या नावाला शंभर नावं दिली. ते आले तेव्हा मॅडमनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "रिपोर्ट चांगले आहेत. पण तुले काही नाही असं मी म्हणणार नाही. हे पॅनिक अटॅक आहेत. शरीर उगाच धोक्याची घंटा वाजवून राहिलं आहे, पण ऐकू तर तुले ती खरीच येते ना?" मग वर्षाकडे वळून म्हणाल्या, "आन् तू याले घाबरू नको, घाबरू नको म्हणू नको वं. त्यानं कोणाची भीती गेली? याच्यासोबत बसमध्ये बस."

वर्षा बसली. आधी एका स्टॉपपर्यंत, मग दोन. मॅडमनी पाठवलं त्या मानसोपचारतज्ज्ञाकडेही मी गेलो, गोळ्या घेतल्या, आणि बऱ्याच महिन्यांनी कंपनीच्या बसमध्ये एकटा बसलो. खिडकीची दांडी घट्ट धरून, पण बसलो.

पुढे आईचं सुरू झालं. ती गॅस चालू ठेवून विसरायची, बोलता बोलता गप्प व्हायची. तिचा आवाज जड झाला, नातीशी खेळणंही थांबलं. नातेवाईक म्हणाले, वय झालं. मला वाटलं, आईची आठवण चालली, काही दिवसांनी ती मला ओळखणार नाही. मी तिला मॅडमकडे नेलं. त्यांनी आईच्या वतीनं दुसऱ्या कोणाला काही बोलू दिलं नाही. तिच्याकडूनच वदवून घेतलं, मध्ये कितीही वेळ जाऊ दिला. तिची कोरडी कातडी पाहिली, घोट्यामागे छोटी हातोडी मारून पाय किती हळू हलतो ते बघितलं. थायरॉइड अगदी मंदावलं होतं. गोळी सुरू झाल्यावर आई हळूहळू परत आली. एके दिवशी तिनं स्वयंपाकघरातून मला ओरडून विचारलं, "काहून रे, माझी कढई कोणी घासून घासून पांढरी केली?" मी दारातच उभा राहून रडलो.

त्यानंतर काही वर्षांनी, मी असाच सर्दीसाठी गेलो होतो. मॅडमनी विचारलं, "ताप आहे का?" मी नाही म्हणालो. त्यांनी घसा पाहिला, लिहिलं आणि पुन्हा विचारलं, "ताप आहे का?" मी पुन्हा नाही म्हणालो. जिना उतरताना आईच्या वेळची ती सगळी भीती परत आली. पुढच्या खेपेला त्यांनी वर्षाची चौकशी दोनदा केली. इतर पेशंट म्हणायचे, मॅडम किती बारकाईनं विचारतात. मला ते विसरणं दिसायचं.

पण माझ्याआधी त्यांनाच ते कळलं होतं. दवाखाना बंद करते आहे असं त्यांनी स्वतःच सांगितलं. "मी जे तुमचं पाहते ते सगळं माझंही पाहून घेतलं," त्या म्हणाल्या. "थायरॉइड, बी ट्वेल्व्ह, डोक्याचा स्कॅन, मन उदास आहे का तेही. एकही बरं होण्यासारखं कारण सापडलं नाही." मी आयुष्यभर ज्या नॉर्मल रिपोर्टची वाट पाहत आलो होतो, तोच त्यांच्या वाट्याला आला होता आणि तीच वाईट बातमी होती.

"अजून कोणाच्या औषधात चुकले नाही. चुकायच्या आधी उठलेलं बरं," त्या म्हणाल्या.

दवाखाना त्यांनी स्नेहल नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंकडे सोपवला. पण कागद देऊन मोकळ्या झाल्या नाहीत. जुन्या पेशंटना एकेक करून बोलावलं आणि प्रत्येकाची कहाणी त्याच्यासमोरच स्नेहलना सांगितली. "मी कुठं अडले तर सांगजो," मला म्हणाल्या. बाबांचं, बसचं, सगळं नीट सांगितलं. बाबा कशानं गेले तिथे मात्र थांबल्या. ओठ हलले, शब्द येईना. मी हळूच म्हणालो, "हार्ट अटॅक." त्यांनी मान डोलावली आणि स्नेहलच्या हातावर हात ठेवला. "म्हणून सांगते. याले पॅनिक आहे हे लिहिलेलं आहे. पण हा छाती दुखते म्हणाला तं लिहिलेलं वाचून सोडून देऊ नको. दर वेळी नव्यानं तपास."

मॅडम मुलीकडे पुण्याला गेल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कारखान्याचा जिना चढताना माझी छाती आवळून आली, जबड्यापर्यंत कळ गेली. थांबलो की जायची, चढलो की यायची. घरी म्हणालो, तेच जुनं असेल. वर्षानं ऐकलं नाही, मला धरून स्नेहल डॉक्टरांकडे नेलं. माझी फाईल त्यांच्यासमोर होती, वरच पॅनिक लिहिलेलं. त्यांनी ती मिटून बाजूला ठेवली आणि ईसीजी काढला. त्याच दिवशी मला हॉस्पिटलमध्ये भरती केलं. हृदयाची एक नस जवळजवळ बंद झाली होती. स्टेंट टाकला. तिथले डॉक्टर म्हणाले, अंगावर काढलं असतं तर कठीण होतं.

घरी आल्यावर मी पुण्याला फोन लावला. मॅडमच्या मुलीनं उचलला. "आई आता नावं ओळखत नाही," ती म्हणाली, "पण सांगते मी तिला." तिनं सगळं सावकाश, मोठ्यानं सांगितलं. मला ऐकू येत होतं.

"कोण पेशंट?" मॅडमचा आवाज आला.

मुलीनं माझं नाव सांगितलं.

"नाही आठवत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पण वेळेवर पोचला ना तो?"

"पोचला, आई."

"माझ्याकडून सांगून दे त्याले," त्या म्हणाल्या, "की चांगलं केलं."