नागूअण्णांची आमटी

नागूअण्णा कुठलाही पदार्थ आधी चाखत, मग डोळे मिटत आणि निकाल देत, "हे आपलं," नाहीतर "हे त्यांचं." 'त्यांचं' म्हणजे कानडी. बिसीबेळे भात त्यांचा. पण तो दरवेळी पुन्हा मागून घेत. वांगीभात मात्र आपला. "नावातच वांगी आहे की रे! स्वल्प विचार कर."

नव्वदच्या दशकात नोकरीसाठी मी पुण्याहून बेंगळूरला आलो आणि चामराजपेटेत त्यांच्या माडीवर भाड्याने राहिलो. अण्णांचं कापडाचं दुकान होतं. घराणं पिढ्यानपिढ्या इथलंच. अण्णांनी महाराष्ट्र पाहिलासुद्धा नव्हता, पण मराठीपणाचा अभिमान असा, की त्यांच्यापुढे मीच उपरा ठरावा. "पुरणपोळीत आमच्याकडे खोबरं घालत नाहीत," असं मी एकदा बोलून गेलो.

"तुम्ही पुण्याचे लोक विसरलात," अण्णा शांतपणे म्हणाले. "आम्ही जपून ठेवलंय."

पण त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, सुमीला, पुण्याचं स्थळ आलं आणि अण्णांचं अवसान गळालं. मुलगा इथेच नोकरीला होता, सुमीला मनापासून आवडला होता. मात्र त्याच्या आईने मध्यस्थाला विचारलं होतं, "मुलगी फार कानडी वळणाची नाही ना?"  अण्णा माझ्याकडे आले. "अरे, ती मंडळी जेवायला येणार, तू सांग, आमची अक्का रांधेल. सगळं अस्सल पुण्याचं होऊ दे. सरी? ठीक?"

मीही चेकाळलो. साधं वरण, बटाट्याची भाजी, गूळ घातलेली आमटी, असा बेत ठरवून दिला. अण्णांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, निमूटपणे रांधलं. अण्णांनी आमटी चाखली, डोळे मिटले आणि निकाल न देताच वाटी खाली ठेवली. मला त्यांची फार दया आली.

पाहुणे जेवायला बसले. मुलाची आई सगळं निरखत जेवत होती.  शेवटी अण्णा उठले, आत गेले आणि घरच्यांसाठी केलेलं पातेलंच घेऊन बाहेर आले. आत चिंचेचा तिखटजाळ रस्सा, वर कढीपत्त्याची फोडणी.

"माझी मुलगी यावर वाढलीय," अण्णा पातेलं ताटांपुढे ठेवत म्हणाले. "मागाहून कळून नाही म्हणण्यापेक्षा आजच चाखा."

मुलाच्या आईने एक भुरका मारला. "याला काय म्हणता तुम्ही?"

अण्णांनी अक्कांकडे पाहिलं. तेवढ्यात सुमीच बोलली, "घरात सारू म्हणतो. पाहुण्यांसमोर आमटी."

सारू! नेमका कानडी शब्द.  त्या बाईंनी सुमीकडे पाहिलं आणि खो खो हसत वाटी पुढे केली.

"मग आम्हांलाही आता सारूच वाढा."

अण्णांनी पळी उचलली. वाटी भरली, सारू ताटात ओघळलं, तरी त्यांचा हात थांबेना.