बस्त्याचा चेक

जालन्यात कापडाची दुकानं किती आहेत हे मोजायला गेलेला माणूस अजून घरी परतलेला नाही. त्यातलं सगळ्यात मोठं दुकान आम्ही लेकीच्या बस्त्यासाठी निवडलं. बस्ता म्हणजे नुसती कापडखरेदी नव्हे. दोन्हीकडची माणसं एकाच गादीवर समोरासमोर बसतात, साड्यांचा पदर चाचपतात आणि पदराआडून एकमेकांची ऐपत चाचपतात. आम्ही बदनापूरहून एक गाडी भरून आल्तो. अंबडहून व्याही दोन गाड्या भरून आले.

त्याआधीच्या बैठकीत काय झालं ते सांगायलाच हवं. व्याह्यांनी नवरदेवासाठी चारचाकीचा विषय काढला. मागितली नाही बरं का. मागणं कायद्यात बसत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ते फक्त म्हणाले, पोराला रोज अंबडहून जालन्याला कामावर यावं लागतं, ऊन फार लागतं. मी ताबडतोब डोळ्यांत पाणी आणलं. माझ्या गरिबीचं असं काही वर्णन केलं की कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला द्यायला खिशातून पन्नासची नोट काढली. शेवटी ठरलं की गाडीचं नाव काढायचं नाही आणि दोन्हीकडचा बस्ता मी करायचा.

तर दुकानात शालू झाले, नवरदेवाचा पोशाख झाला, मानपानाच्या साड्यांचा डोंगर एवढा उंच झाला की पलीकडे बसलेल्या विहीणबाई नुसत्या आवाजावरून ओळखू येत होत्या. बिल आलं. मी मांडी बदलली, खिशातून चेकबुक काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं. माझ्या सहीला तशी पाव एकर जागा लागते, पण चेकवर मी ती आटोपशीर करतो.

फोनवरून पैसे का दिले नाहीत, असं कुणीही विचारेल. आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांचं खातं भामट्यांनी फोनवरूनच धुऊन नेलं, तेव्हापासून मी ते ॲप काढून टाकलं होतं. त्या दिवशी रविवार, म्हणून बँक बंद. एटीएमच्या कार्डावर एवढी रक्कम निघत नाही. शिवाय चार माणसांत चेक फाडायची मला हौस.

मुनीमानं चेक हातात न घेता मालकाकडं पाहिलं. मालक गल्ल्यावरून उठून आला. माणूस माझ्या पोराच्या वयाचा, हसतमुख.

"काका, चेक न्हाई घेत आपण."

"खात्यात पैसे हायेत."

"असतील की. मी कुठं न्हाई म्हणलो?"

मग त्यानं मला बाजूला न घेता, सगळ्यांसमोरच समजावलं. पैसे आज खात्यात असले तरी चेक वटून त्याच्याकडं यायला वेळ लागतो. तेवढ्यात खात्यातून रक्कम दुसरीकडं गेली तर? सही जरा वाकडी झाली तर? अशाच एका खानदानी गिऱ्हाइकाचा चेक त्यानं घेतला होता. खात्यात पैसे होते, पण सही जुळली नाही म्हणून बँकेनं परत पाठवला. त्याचे पैसे हातात पडेपर्यंत त्या लग्नातल्या जोडप्याच्या पोराचं बारसं झालं, असं तो म्हणाला. मला तो माणूस आवडायला लागला. शिवाय, तो म्हणाला, एकदा मानपानाच्या साड्या वाटून झाल्या की त्या बायकांच्या अंगावरून परत कोण आणणार?

"तुमचा घेतला तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू, काका?"

त्याचं बिलकुल बराबर होतं. पण गादीवर कुजबुज सुरू झाली. चेक अजून माझ्या हातातून सुटलाही नव्हता, तरी तो न वटता परत आल्यासारखी सगळ्यांची तोंडं झाली. लेकीच्या खांद्यावर शालूचा पदर होता, तो धरलेला तिचा हात तसाच राहिला. ते पाहून माझं डोकं फिरलं. मी फोन काढला, बँकेचा शिल्लक रकमेचा मेसेज उघडला आणि आरतीच्या ताटासारखा गादीभर फिरवला.

मालकानं पाहिलं, मान हलवली आणि चेक नाहीच घेतला. फोन व्याह्यांपर्यंत गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आकड्यावरून बोट फिरवलं. बोट बरंच लांबपर्यंत गेलं.

आता त्या आकड्याचं खरं असं की आमची जमीन रस्त्यात गेली, त्याचा मोबदला होता तो. पैसे माझ्या खात्यावर आले होते, पण त्यात निम्मा वाटा पुण्याला असलेल्या माझ्या भावाचा.

"एवढे हायेत?" व्याही अगदी हळू म्हणाले. "बैठकीत तर म्हणला होता, बियाणं पण उसनं आणता."

"त्यात निम्मे भावाचे हायेत," मी म्हणालो.

सगळी गादी हसली. माझीही माणसं हसली. आयुष्यभर मी सांगितलेल्या गोष्टींवर लोकांनी माना डोलावल्या आणि हे एवढं एक खरं बोललो तर हसले.

व्याही मात्र हसले नाहीत. त्यांनी आपला फोन काढला. "दुकानाचं मी फोनवरून देऊन टाकतो. मला चालतो चेक. माझ्या नावानं लिहा." मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "आन लिहूनच राह्यलात, तर पोराच्या उन्हाचं पण त्यातच धरा."

पेन माझ्या हातात उघडंच होतं. चेक न लिहावा तर ऐपत असून लेकीसाठी हात आखडणारा बाप ठरणार. लिहावा तर भावाच्या वाट्याची गाडी पोरीच्या दारात उभी राहणार, आणि त्या गाडीमागून आणखी काय काय येईल ते सांगता येत नव्हतं. मी लेकीकडं पाहिलं. तिनं खांद्यावरचा शालू काढला आणि घडी घालायला घेतली. मी पेनाचं टोपण लावलं. मालकाला म्हणालो, माल बाजूला ठेवा, उद्या बँक उघडली की रोख आणतो. व्याही म्हणाले, घाई न्हाई, विचार करा. चहा न घेताच त्यांच्या गाड्या निघाल्या.

परतताना लेक माझ्या शेजारी बसली. तिनं नवरदेवाला फोन लावला. हूं, हूं, न्हाई, एवढंच बोलली आणि ठेवला.

"काय म्हणला?"

"आकडा किती होता, ते विचारलं." मग म्हणाली, "पप्पा, निम्मे काकाचे हायेत ना खरंच?"

"खरंच."

"मंग उद्या बँकेत जाऊ नका."

मी तिला समजवायला लागलो. पोरगं चांगलं आहे, बापापुढं बोलत नसेल, लग्नानंतर सुधारेल. तोंडाला येईल ते बोललो. बदनापूर आलं तरी माझं संपलं नव्हतं आणि तिनं एकदाही मान वळवली नव्हती.

सोमवारी सकाळी मी दुकानात फोन केला. गठ्ठा सोडा आणि साड्या परत कपाटात लावा, म्हणालो.

"चेकवरून राग आला काय, काका?"

"हो. चेकवरूनच."

तो बिचारा माफी मागायला लागला. लेक दारात उभी राहून ऐकत होती. मी त्याला बराच वेळ माफी मागू दिली.