वाळूच्या पोत्यावरचं रडणं

पुतणी दुपारी मोबाइलवर लोकांचे असले अनुभव वाचून दाखवायची, तेव्हा मी भांडी घासता घासता हसायची. कुणाला मागून हाक आली, कुणाला चिंचेखाली बाई दिसली... माणूस घाबरला की त्याला काहीही दिसतं, असंच माझं मत. आता मीच लिहायला बसले आहे. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, शाळाही चौथीपर्यंतच. म्हणून कागदावर.

आम्ही येळ्ळूरचे. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी कॅन्टीनला होते, आणि आमचे हे तिथेच वाळूचे साचे करायच्या मोल्डिंग शेडमध्ये. यंदा कंपनीत मॉक ड्रिल ठेवलं. गॅस गळाला, आग लागली, माणसं भाजली, असं खोटं खोटं करून बघायचं. ते ठीक. पण ह्या वेळी ट्रेनिंगवाल्यांनी खोटं न्यूज चॅनेलही आणलं – कॅमेरा, माईक, ‘ब्रेकिंग न्यूज’ची पट्टी, सगळं. खरा अपघात झाला तर टीव्हीवाले गेटवर येतात, तेव्हा साहेबांनी काय बोलायचं ह्याचा सराव म्हणे.

मेलेल्या कामगाराची बायको म्हणून मला उभं केलं. मी नको नको म्हणत होते. माझ्याबरोबर चपात्या लाटणारी शोभाक्का म्हणाली, “जा की गं! तुझं तोंड आधीच रडवं हाय, मेकअप बी लागायचा न्हाय.”

जमिनीवर पांढरं कापड, त्याखाली मढ्याच्या जागी मोल्डिंगच्या वाळूची पोती. माईकवाली मुलगी ओरडायची, “मावशी, आवाज येऊ दे! नवऱ्याचं नाव घेऊन रडा!”

लग्नातल्या उखाण्यानंतर मी ह्यांचं नाव कधी घेतलेलं नाही. आमच्याकडे माझ्या वयाच्या बायका घेत नाहीत. आणि जित्या माणसाचं नाव घेऊन पोत्यावर पडायचं? मी तोंडाला पदर लावला आणि नुसती हलत राहिले. शेवटी ती मुलगी वैतागली. “जाऊ दे, म्युझिक टाकू.”

तासाभरानं ती बातमी कॅन्टीनच्या टीव्हीवर लावली. सगळ्यांना उपीट दिलं होतं. ज्यांना भाजलेलं दाखवायचं होतं ते हातावरची खोटी कातडी ताटात पडू नये म्हणून दुसऱ्या हातानं दाबून धरून खात होते. रक्त म्हणून लावलेल्या लाल रंगात साखरेचा पाक होता, त्यावर माश्या. साहेब टीव्हीत म्हणाले, “परिस्थिती नियंत्रणात आहे.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी दिसले. तोंडाला पदर. आणि हाक आली – ह्यांच्या नावाची. दोनदा. आवाज माझाच, पण असा आवाज मी जन्मात काढलेला नाही.

“अगं बया, घेतलीस की गं नाव!” शोभाक्का किंचाळली. सगळे हसले. हे कोपऱ्यात मान खाली घालून बसले.

कॅमेरावाला शेजारीच खात होता. मी त्याला विचारलं. “तुमच्या वेळी माईक बंदच होता, मावशी. मी म्युझिकच लावलंय.”

“मग नाव कुणी घेतलं?”

“आलं असेल कुठून तरी,” म्हणाला आणि आणखी शेव मागितली.

मी साहेबांकडे गेले, तेवढं पुसून टाका म्हणाले. ते म्हणाले, “अहो, तेच तर एकदम नॅचरल आलंय!”

दुसऱ्या दिवसापासून मी कॅन्टीन सोडलं. ह्यांनाही म्हटलं, रजा काढा, माझं मन धजत नाही. हे हसले. “पोत्याला रडलीस आन् मला मारतीस व्हय? जेव आधी.” पण संध्याकाळी गल्लीच्या तोंडाला ह्यांची गाडी वाजेपर्यंत मला घास उतरत नसे.

पुढे थोड्याच दिवसांत, भर दुपारी, शेडमध्ये भोंगा झाला. मी तेव्हा शेतात जाऊबाईंबरोबर तण भांगलत होते. पुढचं ह्यांनी सांगितलेलं. भोंगा वाजतोय आणि कुणी उठेना. “आज कॅमेरा न्हाय व्हय रं?” एकजण कानाशी येऊन ओरडला, दुसरा मेल्यासारखा आडवा झाला. हेही हसत बसले होते. तेवढ्यात दारातून माझी हाक आली. नावानं. दोनदा.

“ड्रिल असू दे न्हायतर काय बी,” हे म्हणाले, “तू नाव घेतलीस म्हटल्यावर मी पळालोच.” हे बाहेर पडले आणि मागं भडका उडाला. हसणाऱ्यांतले दोघं भाजले. खरंखुरं.

ऑफिसात कुणी ती बातमी लावली असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण ऑफिस पार दुसऱ्या टोकाला, आणि त्या भोंग्यात शेजारच्याचं साधं बोलणंही ऐकू येत नव्हतं. जाऊबाई सांगतात, मी तेव्हा तोंडही उघडलं नव्हतं.

संध्याकाळी खऱ्या चॅनेलवर साहेब दिसले. “परिस्थिती नियंत्रणात आहे.” कुठंही अडखळले नाहीत. मागं भाजलेल्या एकाची बायको रडत होती आणि तिच्या तोंडापुढं माईक होता.

माझी ती बातमी आता दुसऱ्या कारखान्यांतही दाखवतात, शोभाक्का सांगते. तिथंही उपीट देत असतील.

हे कधी कधी म्हणतात, “एकदा घे की गं नाव. त्योच आवाज हुता का बघतो.” मी तोंड उघडते आणि ती पोती दिसतात, पाकावरच्या माश्या दिसतात... नाव बाहेर येत नाही. ज्या हाकेनं हे वाचले तिचे उपकार मानायला हवेत. पण मला तिची किळस येते. ती कुणाची होती, कळत नाही. माझी नव्हती, एवढंच.