आजोबांचा होकार

इंडोनेशियातल्या आमच्या सोलो शहरात प्रमुद्याइतका हट्टी माणूस दुसरा नाही. तयार बटणं दाबून संगणकात लिनक्स ही नवी यंत्रणा घालणाऱ्यांना तो हसायचा. हा सगळं हाताने करणार, काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करून. त्या पडद्याचा एक गुण मला कधीच आवडला नाही. तो उलट विचारत नाही. पूस म्हटलं की पुसतो.

शेजारच्या कसनादी आजोबांचा संगणकही त्याने लिनक्स घालायला असाच उघडला. आजोबा गामेलानचे, म्हणजे आमच्याकडच्या काशाच्या घंटा-झांजांच्या वाद्यवृंदाचे, जुने वादक. त्यांच्या दिवंगत गुरूंचं गाणं त्याच डिस्कवर होतं, दुसरीकडे कुठेच नाही.

"आजोबा, आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घेतलंत ना?" प्रमुद्याने विचारलं.

"हो बाळा, झालंय. चहा घे आधी."

घरी आलेल्या माणसाला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. ही सभ्यता एक दिवस आम्हाला बुडवणार आहे. प्रश्न आजोबांना कळलाच नव्हता, ते त्यांच्या हसण्यावरून दिसत होतं.

मी प्रमुद्याच्या कानाशी पुटपुटलो, "एकदा स्वतः बघून घे."

"म्हणजे म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात खोटं पाडू?"

त्याने डिस्क पुसायची आज्ञा दिली. डिस्क बारीक कुरकुरली आणि गप्प झाली. मग दुपारभर काही ना काही अडत राहिलं. कधी पडदाच उजळेना, कधी आवाज फुटेना. तो घाम पुसत एकेक गाठ सोडवत गेला. आजोबा कौतुकाने बघत होते.

अखेर नवी यंत्रणा सुरू झाली. आजोबांनी खुर्ची पुढे ओढली आणि डोळे मिटून घेतले.

"शाब्बास. आता आमच्या गुरुजींना गाऊ दे."