भावाचं शटर

माझ्या धाकट्या भावाच्या गॅरेजचं शटर वर जाताना आवाज करत नाही, याचं मला जवळजवळ दोन वर्षं दुःख होतं. हसा खुशाल. रोज सकाळी सव्वासातला तो रिमोट दाबायचा आणि त्याचं शटर गुपचूप वर जायचं. पाच मिनिटांनी मी माझं उघडायचे, तेव्हा आधी एक किंकाळी, मग खरखर, मग मधेच दम खाऊन थांबणं. माडावरचे कावळे उडायचे. भावजय ओट्यावरून विचारायची, निघालात का ताई? नाही, नाचतेय, असं तोंडावर यायचं.

थळजवळ आमची नारळाची वाडी. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, ती आम्हा दोघांना अर्धी अर्धी दिली. एका टोकाला भावाचं घर, दुसऱ्याला माझं, मधे तीसेक पावलं. मी लग्न केलं नाही. अलिबागला कॉलेजात शिकवते आणि स्वतःचं घर स्वतः बांधलं आहे. इथल्या खाऱ्या वाऱ्यात गाडी उघड्यावर ठेवली की दोन पावसाळ्यांत दरवाजे खालून कुरतडले जातात, म्हणून आम्ही दोघांनी गॅरेजं बांधली. शटरवाल्याने दोन्ही मोटरी एकाच दिवशी बसवल्या. मोटर तीच, शटर तेच, वारासुद्धा तोच. म्हणजे नशिबाला बोल लावायलाही जागा नव्हती.

खरं सांगते, शटर हे निमित्त. मला आप्पा हवे होते. आई गेल्यापासून ते भावाकडे राहतात, ते ठीक, तिथे नातवंडं आहेत. पण तीस पावलांवर मुलगी राहते, तिच्याकडे माणसाने कधी सहज यावं, चहा मागावा, पेपर वाचत बसावं, एवढंसुद्धा नाही? ते गणपतीत यायचे, दिवाळीत यायचे, पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर टेकायचे आणि निघतो म्हणायचे. आणि दर रविवारी मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसायचं? भावाचं गॅरेज. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आप्पा स्टुलावर उभे, हातात पाना, डोकं मोटरीत. भाऊ दोन्ही हातांनी स्टूल धरून खाली. तासन् तास दोघांचं काय चालायचं देव जाणे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भाजी करपायची.

आता माझी चूकही सांगून टाकते. मोटर बसवली त्या पहिल्याच महिन्यात आप्पा माझ्याकडेही आले होते, हत्यारांची कापडी पिशवी घेऊन. सगळं आयुष्य कारखान्यात फिटर म्हणून गेलं त्यांचं. मी दारातच म्हटलं, आप्पा, तुम्ही कशाला त्रास घेता, मी वर्षभराचं सर्व्हिसिंग लावलंय, तुम्ही आता आराम करा. काळजीनेच म्हटलं हो. थोडी ऐटही होती, नाही म्हणत नाही. ते बरं म्हणाले आणि पिशवी घेऊन परत गेले. त्यानंतर पिशवी माझ्या दारात आली नाही.

सर्व्हिसिंगवाला एकदा आला. दुसऱ्यांदा फोनवर येतो म्हणाला आणि अजून येतोय. मग मी स्वतः पदर खोचला. शटर ज्या दोन उभ्या पट्ट्यांमधून वर-खाली सरकतं त्यात तेल घातलं की झालं, एवढं मला कळत होतं. आणि तेल कुठलं, तर आपल्या वाडीतलं. घरच्या खोबऱ्याचं, घाण्यावरचं, केसांना लावायला मुंबईची नातेवाईक मंडळी बाटल्या भरून नेतात ते. मी सढळ हाताने ओतलं. चार दिवस शटर सुरेख चाललं आणि मी मुद्दाम भावाच्या वेळेला, सव्वासातलाच, उघडायला लागले. मग आधी मुंग्या आल्या. मग वाऱ्याबरोबर येणारी समुद्राकाठच्या पुळणीची बारीक वाळू त्या तेलात चिकटून बसायला लागली. ती मी फडक्याने पुसली आणि वर आणखी तेल घातलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे गारठा पडला आणि पट्ट्यांमधलं तेल, वाळूसकट, घट्ट थिजलं. खोबरेल थंडीत गोठतं हे मला माहीत नव्हतं का? जन्मापासून बाटली उन्हात ठेवून केसांना तेल लावत आले आहे मी. पण डोक्यात फक्त भावाचं शटर. मी रिमोट दाबत राहिले, मोटर कण्हत राहिली, आणि शेवटी जळका वास आला. हाताने फिरवायची साखळीही जागची हलेना. गाडी आत, मी बाहेर.

दिवसभर स्वाभिमान सांभाळला. संध्याकाळी सोमवारच्या कॉलेजसाठी त्याच्या गाडीची चावी मागायला भावाकडे गेले. आप्पा देवळात गेले होते. भाऊ एकटाच गॅरेजमध्ये स्टुलावर चढला होता आणि पान्याने काहीतरी फिरवत होता. मला बघून दचकलाच. शटर खाली कुठे थांबायचं ते ठरवणारा एक नट मोटरपाशी असतो, तो हा सैल करत होता. त्याने रिमोट दाबून दाखवलं, तर शटर जमिनीपासून चार बोटं वरच थांबलं. त्याचं समाधान झालं.

मी विचारलं, चांगलं चाललेलं शटर बिघडवतोयस कशाला?

"आप्पांना सांगू नकोस," तो म्हणाला. "उद्या रविवार. त्यांना काहीतरी काम नको का?"

दोन वर्षं. दर शनिवारी. कधी नट, कधी साखळी ढिली, कधी रिमोटचे सेल उलटे. आप्पा ते शोधून काढायचे, आणि हात लागलाच आहे तर पट्ट्या कोरड्या पुसायचे, साखळीला बेताचं ग्रीस लावायचे, गंज खरवडायचे. म्हणून त्याचं शटर आवाज करत नव्हतं.

एखादी शहाणी बहीण असती तर तिचे डोळे भरून आले असते. माझा नुसता जळफळाट झाला. इतके दिवस मी त्याच्या शटरवर जळत होते. आता त्याच्या चांगुलपणावर जळायची वेळ आली, आणि ते फार कठीण जातं, कारण त्याला नावं ठेवता येत नाहीत. हे मला का सुचलं नाही? मी मोठी ना? मी आप्पांना आराम दिला आणि ह्याने काम दिलं. मी चावी घेतली आणि घरी येऊन मनसोक्त रडले, तेही रागाने.

गुरुवारी नवी मोटर बसली. शटरवाल्याने पट्ट्या रॉकेलने धुतल्या, बोटाला लागलेला तेल-वाळूचा चिखल माझ्या नाकासमोर धरला आणि फक्त कोरडं फडकं मारायचं, असं दम देऊन सांगितलं. त्याने नवं सर्व्हिसिंग लावता का विचारलं. मी नको म्हटलं.

रविवारी भावाकडचं काम आटोपेपर्यंत मी कशीबशी थांबले. मग वाडीतून हाक मारली, "आप्पा, माझ्या शटरचा आवाज येतोय. जरा बघता का?"

आले. पिशवी घेऊन, मधे एकदा माडाला टेकून दम खात आले. मी स्टूल धरलं. दोन वर्षं ज्यावर माझा डोळा होता ते काम अखेर मला मिळालं होतं, आणि तेव्हा कळलं की त्यांच्या पोटऱ्या केवढ्या थरथरतात. भाऊ स्टूल दोन्ही हातांनी का धरायचा तेही कळलं. आप्पांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवलं, मूठ कानाला लावली. कारखान्यात पंपाच्या पोटातलं दुखणं ते असंच ऐकायचे. मला चार वेळा शटर वर-खाली करायला लावलं.

"हिला काही आवाज नाही," ते म्हणाले.

सकाळी येत होता, असं मी म्हटलं. नव्या कोऱ्या मोटरीबद्दल धडधडीत खोटं.

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून सावकाश खाली उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. फडक्याने हात पुसत म्हणाले, "तुझा भाऊ नट तरी सैल करून ठेवतो. तू तेवढीही तसदी घेतली नाहीस."

म्हणजे माहीत होतं. कधीपासून, ते विचारलं, तर म्हणाले, पहिल्या रविवारपासून. नट आपोआप सैल झाला तर त्याच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे कसे येतील, एवढं फिटरला कळतं.

इथेही भाऊच पुढे. मी त्यांच्यासमोर मांडी घालून गॅरेजच्या फरशीवर बसले आणि विचारलं, कुठला नट. आप्पांनी पिशवीतून पाना काढून माझ्या हातात दिला, पुन्हा स्टुलावर चढले, बोट ठेवून दाखवला, आणि एक फेरा पुरे म्हणाले. भाऊ एकच फेरा फिरवतो का, असं मी विचारलं. हो म्हणाले. मी दोन फिरवायचं ठरवलं.