शालिनीताईंची शेवंती

साताऱ्याहून येऊन दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत रुजू झाले, त्या दिवशी मला सेक्शन ऑफिसर शालिनीताई साळवे यांच्यापुढे उभे करण्यात आले. मराठी बाई भेटल्या म्हणून जीव भांड्यात पडला, पण त्यांच्या नखांतली माती पाहून जरा चपापले. त्यांनी ना पदवी विचारली, ना टायपिंगचा वेग. ‘‘खोलीला बाल्कनी आहे का? ऊन सकाळचं येतं की दुपारचं?’’ दुपारचे, म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, की नोकरी जाते की काय असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर सदाफुलीचे रोप होते.

पुढे कित्येक वर्षे त्यांच्या हाताखाली काम केले. माझे पहिलेच टिपण आमचे वरिष्ठ घटकेघटकेला मागवून पाहू लागले, तेव्हा ताई शांतपणे त्यांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, पौधा उखाड़-उखाड़कर जड़ देखेंगे तो लगेगा कैसे?’’ साहेब हसले आणि मला उसंत मिळाली.

निवृत्तीनंतर मयूर विहारमधल्या तळमजल्यावरच्या घरापुढे त्यांनी बाग केली. दिल्लीची हवा माळ्याचा अंत पाहणारी. मे-जूनच्या झळांत ताई कुंड्यांवर जुन्या साड्यांची सावली बांधत आणि त्याखाली मोगरा खुशाल फुलत असे. भाद्रपदात आमच्या मंडळाच्या गणपतीला जास्वंदी जात त्या ख्रिस्ती साळव्यांच्या बागेतून, आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नसे. थंडीत पिटुनिया, डेलिया यांची गर्दी. पण ताईंचा खरा जीव शेवंतीवर. नाताळला चर्चमध्ये शेवंती आपल्या हातचीच हवी, हा त्यांचा हट्ट.

गेल्या दिवाळीच्या सुमारास, शेवंती कळ्या धरत असताना, ताईंना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. त्यांना आपले बोलणे कितपत कळते, हेही आताच सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले.

काही दिवसांनी हॉस्पिटलमध्ये गेले, तर ताईंचे चिरंजीव अनिल भिंतीला टेकून डोळे पुसत होते. नात रिया म्हणाली, ‘‘मावशी, आजी सकाळपासून ‘खत, खत’ करतेय. मी कागद-पेन दिलं तर फेकून दिलं. बिल्कुल ऐकत नाही.’’

‘‘शेवटचं काही लिहायचं असेल तिला,’’ अनिल म्हणाले.

बापलेक दोघेही दिल्लीत वाढलेले. माळ्याशी बोलता बोलता त्यांच्या घरात खताची ‘खाद’ कधीच झाली होती, आणि हिंदीत खत म्हणजे चिठ्ठी. आजारात ताईंना मात्र नगरच्या लहानपणाचा शब्द सापडला होता. मी वाकून विचारले, ‘‘ताई, शेवंतीला खत घालायचं राहिलंय का?’’

त्यांनी सुटल्यासारखे डोळे मिटले. मग ओठांशी बराच वेळ झगडून आणखी एक शब्द काढला, ‘‘पातळ.’’

कळ्यांवर आलेल्या शेवंतीला शेणखत पाण्यात पातळ करूनच द्यायचे असते. म्हणजे ताईंना सगळे कळत होते. आमच्यावर भरवसा तेवढा नव्हता. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. अनिलना अर्थ सांगितला. ‘‘अच्छा,’’ ते म्हणाले, ‘‘म्हणजे आई आहे.’’

त्याच संध्याकाळी रियाने आणि मी कुंड्यांना खत घातले. नाताळला शेवंती चर्चमध्ये पोचली, आणि ताई चाकाच्या खुर्चीतून.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. काठी टेकत बागेत येतात आणि पाणी जास्त झाले म्हणून आम्हा सगळ्यांना फैलावर घेतात. ‘र’ तेवढा अजून जिभेवर येत नाही. माझे नाव तारा. त्या मला ‘ताला’ म्हणतात. तेही सुधारेल, असे डॉक्टर म्हणतात. सुधारो, न सुधारो. ताईंना उदंड आयुष्य लाभो, हातापायांत बळ राहो, आणि त्यांच्या शंभराव्या वाढदिवशीही मी फाटकाशी पोचताच आतून दरडावणी यावी, ‘‘ताला, नळ बंद केलास का?’’